ईशान्य इंग्लंडमधल्या टाईन अँड वेअरचा किनारा पायी करायचाय?
इंग्लंड कोस्ट पाथचा (इंग्लंडच्या किनाऱ्यानं जाणाऱ्या पायवाटेचा) हा तुकडा बराचसा शहरांना चिकटूनच जातो, त्यामुळे तंबू-बिंबू काही नको, संडरलंडच्या रोकरपासून समुद्र उजव्या हाताला ठेवत उत्तरेला चालत सुटायचं. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं सूटर दीपगृह (१८७१ चं, खास विजेच्या दिव्यासाठी बांधलेलं) गेलं की मार्सडेनला थांबाच, उन्हाळ्यात किटीवेक या समुद्रपक्ष्यांचा नुसता कल्ला असतो, फक्त कड्याच्या टोकाला जाऊ नका. साऊथ शील्ड्सला टाईन नदी फेरीबोटीनं ओलांडायची, शेवटची बोट कधीची ते आधीच बघा. मग टाईनमाउथ, व्हिटली बे. बेटावरच्या सेंट मेरीज दीपगृहाची वाट भरतीत बुडते, भरती-ओहोटीच्या वेळा बघितल्याशिवाय पलीकडे जायचं नाही म्हणजे नाही. पाय बोलायला लागले तर मेट्रो आहेच, मार्सडेनच्या पट्ट्यात मात्र बस.