शेंगेन व्हिसाची फाइल: या चुका टाळा

व्हिसा नाकारला गेला की घरात पहिला प्रश्न येतो, "कुठला कागद राहिला?" पुष्कळदा एकही राहिलेला नसतो. रजेच्या पत्रावर १० ते २० मे असतं, हॉटेलचं बुकिंग ११ ते २२चं, विमा १२ पासून सुरू आणि अर्जात चौथंच काहीतरी. वकिलातीतला अधिकारी तुम्हाला ओळखत नाही, बहुतेकांना तो भेटतही नाही. त्याच्यासमोर असते ती फाइल, आणि तिच्यातले कागदच एकमेकांशी भांडत असतील तर तो विश्वास कशावर ठेवणार? युरोपच्या व्हिसात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका बहुतांशी याच जातीच्या आहेत.

अर्ज नेमका कोणाकडे?

शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट. त्यात आज २९ देश आहेत. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ला आला; बल्गेरिया आणि रोमेनिया १ जानेवारी २०२५पासून पूर्णपणे आत आहेत. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड आणि सायप्रस बरोबर उलटे. ब्रिटन दोन्हींत नाही.

व्हिसा एकच असला तरी अर्ज मनाला येईल त्या देशाकडे करता येत नाही. जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे करायचा. पॅरिसला ३ रात्री, स्वित्झर्लंडला ५ आणि इटलीत ३ असतील तर अर्ज स्वित्झर्लंडकडे. दिवस समसमान असतील तर ज्या देशातून शेंगेनमध्ये पाऊल टाकणार, त्याच्याकडे. वाटेत फ्रँकफर्टला नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशन तिथेच होतं, म्हणून काही लोक जर्मनीकडे अर्ज करतात. त्याची गरज नाही. तिथे राहणारच नाही तर तो तुमचा मुख्य देश कसा होईल?

याउलट एक चूक जाणूनबुजून केली जाते. फ्रान्सची अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून ज्या देशाची मिळते त्याचा अर्ज भरायचा, तिथली खोटी हॉटेलं दाखवायची आणि व्हिसा हातात आला की सगळी रद्द करून पॅरिस गाठायचं. "सगळे असंच करतात" हे वाक्य त्यासोबत हमखास ऐकू येतं. बुकिंग रद्द झालेलं वकिलातीला कळू शकतं, विमानतळावरचा अधिकारी पहिल्या रात्रीचा पत्ता विचारू शकतो, आणि फसवून मिळवलेला व्हिसा जागच्या जागी रद्द होऊ शकतो.

अपॉइंटमेंटची अडचण खरी आहे, पण तिच्यावर उपाय कॅलेंडरचा. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, पण शंका आली तर ४५ दिवसही लागू शकतात. मेच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी मार्चअखेरीस शाळेचा निकाल बघून ठरवू म्हटलं की गणित तिथेच बिघडतं. अर्ज जिथे द्यायचा त्या व्हिसा केंद्रावर जादा पैसे भरून लाउंजची सोय मिळते, ती हवी तर घ्या. त्याने सोफा बरा मिळतो. मुंबई-पुण्यातली ही केंद्रं फक्त कागद आणि बोटांचे ठसे गोळा करतात, निर्णय वकिलातीचा असतो. ठसे ५९ महिन्यांच्या आत दिलेले असतील तर सहसा पुन्हा घेत नाहीत, आणि १२ वर्षांखालच्या मुलांचे घेतच नाहीत.

तारखांचा घोळ

आपल्याकडची युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १० मे, वेळ ०२:३० असेल तर घरातून ९ तारखेला रात्री निघायचं असतं. १० तारखेला रात्री बॅगा घेऊन विमानतळावर पोचणारी कुटुंबं काल्पनिक नाहीत. हाच घोळ फाइलमध्येही शिरतो: रजा १०पासून, विमा ११पासून, हॉटेल १०पासून. एका कोऱ्या कागदावर प्रत्येक दिवसाची तारीख, गाव, हॉटेल आणि प्रवासाचं साधन लिहा. मग त्या कागदावरून अर्ज भरा, रजेचं पत्र मागा, विमा काढा. उलट क्रमाने केलं की चूक होतेच.

विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि मुक्कामाचा एकही दिवस न सोडणारा हवा. पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, ताजा. मागच्या व्हिसावरचाच फोटो पुन्हा चिकटवला तर तो जुना असल्याचं अधिकाऱ्याला जुन्या स्टिकरवरूनच कळतं.

नाव

मराठी घरांतल्या फाइली इथे हमखास अडतात. लग्नात मुलीचं पहिलं नाव बदलण्याची पद्धत अजून पूर्ण गेलेली नाही. मग पासपोर्ट सासरच्या नावाने, पॅन माहेरच्या, आणि बँकेत तिसरंच. अशा वेळी विवाह नोंदणीचा दाखला लावा, राजपत्रात नाव बदललेलं असेल तर त्याची प्रत लावा, आणि दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा. कव्हरिंग लेटरमध्ये एका ओळीत सांगून टाका की ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत. अधिकाऱ्याने ते स्वतः ओळखावं अशी अपेक्षा करू नका.

दुसरी गोष्ट वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावाची. पासपोर्टवर ते अनेकदा पहिल्या नावाच्याच रकान्यात असतं. तिकीट काढताना ते गाळू नका. पासपोर्टच्या दोन रकान्यांत जे आहे, तेच आणि तसंच लिहा. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोराच आहे, त्यांनी दुबईचं तिकीट काढण्याआधी थांबावं. नोव्हेंबर २०२२पासून संयुक्त अरब अमिरातीने एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटकांना प्रवेश देणं बंद केलं.

पैसे कुठून आले?

खात्यात किती आहेत यापेक्षा ते कसे आले, हे जास्त बारकाईने पाहिलं जातं. महिना ४० हजार पगाराच्या खात्यात अर्जाच्या आठवडाभर आधी ५ लाख जमा झाले की प्रश्न उभा राहतो. ते एफडी मोडून आले असतील तर एफडीची पावती लावा, भावाने दिले असतील तर त्याचं पत्र आणि त्याचं स्टेटमेंट लावा. नुसता आकडा फुगवून काही साधत नाही.

नोकरदाराचं सोपं असतं: पगाराच्या स्लिपा, रजेचं पत्र, आयकर विवरणपत्रं. दुकानदाराने गुमास्ता परवाना आणि जीएसटीचे कागद लावावेत. शेतकऱ्याचा खरा पुरावा सातबारा. पण तो मराठीत, तसाच जोडला तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही, म्हणून भाषांतर हवं. सोबत बाजार समितीच्या पट्ट्या किंवा साखर कारखान्याचं ऊसबिल, जे खात्यात जमा झालेलं दिसतं. निवृत्तांनी पेन्शनचे कागद लावावेत. हे सगळं दोन प्रश्नांची उत्तरं देण्यासाठी: खर्च झेपेल का, आणि माणूस परत येईल का? घर, शेत, नोकरी, शाळेत जाणारी मुलं या परत येण्याच्या खुणा आहेत. एजंटने दिलेलं, चाळीस जणांना तेच चाललेलं गुळगुळीत पत्र यातलं काहीच सांगत नाही. स्वतःच्या साध्या इंग्रजीत एक पान लिहा.

फी प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना त्याच्या निम्मी, ६ वर्षांखाली काही नाही. केंद्राचा सेवाआकार वेगळा. नकार आला तरी फी परत मिळत नाही.

मुलाकडे जाणारे आई-वडील

म्युनिक, आइंडहोवन, झुरिकमध्ये नोकरी करणारी मुलं आई-वडिलांना बोलावतात तेव्हा आमंत्रणपत्र लिहून देतात आणि काम झालं समजतात. खर्च मुलगा करणार असेल तर जर्मनीत त्याला स्थानिक परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन खर्चाची रीतसर हमी घ्यावी लागते. फ्रान्समध्ये घरी राहणाऱ्या पाहुण्यासाठी नगरपालिकेतून निवासाचं प्रमाणपत्र काढावं लागतं. ही कामं तिथल्या कार्यालयांच्या वेळेनुसार होतात. विमा घेताना व्हिसापुरतं ३०,०००चं कलम पाहून थांबू नका. आधीच्या आजारांबद्दल पॉलिसी काय म्हणते ते वाचा. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या सत्तरीच्या माणसाला खरी गरज त्या ओळीची असते.

आणि दिवस मोजा. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, त्यात येण्याचा आणि जाण्याचा दिवस दोन्ही धरायचे. आई १ मार्चला आली आणि २९ मेला परतली तर ९० दिवस पूर्ण झाले. मल्टिपल एंट्री व्हिसा असला तरी तिला २८ ऑगस्टच्या आधी पुन्हा पाय ठेवता येणार नाही. "तीन महिने झाले, भारतात आठवडाभर जाऊन परत येते" हा हिशेब चालत नाही. १२ ऑक्टोबर २०२५पासून सीमेवर चेहरा आणि ठसे घेऊन येण्याजाण्याची नोंद संगणकात करायला टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली आहे, त्यामुळे शिक्का पुसट होता वगैरे सबबींचे दिवसही संपले. आजारपणामुळे खरोखरच प्रवास अशक्य झाला, तर मुदत संपण्याच्या आत स्थानिक कार्यालयात डॉक्टरांच्या कागदासह मुदतवाढ मागा. मुदत उलटल्यावर मागून उपयोग नाही.

स्टिकर हातात आल्यावर

पासपोर्ट परत आला की लोक स्टिकरचा फोटो ग्रुपवर टाकतात आणि वाचायचं राहून जातं. नावाचं स्पेलिंग, पासपोर्ट नंबर, तारखा, प्रवेशांची संख्या, मुक्कामाचे दिवस, सगळं त्याच दिवशी तपासा. चूक असेल तर लगेच कळवा. प्रवासाच्या आदल्या दिवशी ती दुरुस्त होत नाही.

सर्वांत जास्त गैरसमज दोन तारखांचा. स्टिकरवर १० मे ते ५ जून लिहिलेलं असतं आणि मुक्काम १२ दिवस. अर्थ असा की त्या काळात केव्हाही जा, पण राहायचं १२च दिवस. पुढची १५ दिवसांची मोकळीक प्रवास पुढे ढकलावा लागला तर, मुक्काम लांबवण्यासाठी नाही.

मग येते प्रवेशांची संख्या. "०१" असेल तर शेंगेनमधून बाहेर पडल्यावर तो व्हिसा संपला. पॅरिसहून रेल्वेने लंडन आणि तिथून ॲमस्टरडॅम हा बेत कागदावर सुरेख दिसतो, पण त्याला ब्रिटनचा वेगळा व्हिसा आणि शेंगेनचे दोन प्रवेश लागतात. क्रोएशियातल्या डुब्रोव्हनिकहून एका दिवसात मोस्तारचा पूल बघून येऊ म्हणणाऱ्यांचंही तेच: मोस्तार बोस्नियात, म्हणजे शेंगेनच्या बाहेर आहे. अशी योजना असेल तर अर्जातच जास्त प्रवेश मागा आणि दिवसवार तक्त्यात ती दाखवा.

एप्रिल २०२४पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांना एक चांगली सवलत आहे. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा मिळू शकतो, त्यानंतर पाच वर्षांचा. पण पासपोर्टचीच मुदत कमी उरली असेल तर तो लाभ हातचा जातो, म्हणून आधी पासपोर्ट नवा करा. जुन्या पासपोर्टवर चालू व्हिसा असेल तर दोन्ही पासपोर्ट सोबत न्या. आणि ईटायस नावाच्या परवानगीसाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. ती व्हिसा न लागणाऱ्या देशांच्या नागरिकांसाठी आहे, आपल्यासाठी नाही.

सीमेवर

व्हिसा असला म्हणजे प्रवेश ठरलेलाच असं नाही. परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता, पैसे आणि येण्याचं कारण सीमेवर विचारता येतं. हे कागद हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इन केलेल्या सामानात नाही.

त्या दुसऱ्या बॅगेबद्दलही थोडं. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. साजूक तूप, पेढे, बर्फी, मटणाचं लोणचं, सगळं त्यात आलं. ताज्या फळांना आणि भाज्यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे नातवासाठी नेलेली हापूसची पेटी आणि कढीपत्त्याची जुडी जप्त होऊ शकते. नारळ, केळी, अननस आणि खजूर यांना सूट आहे. लाडू करायचेच असतील तर तिथलं तूप वापरा.

नकार आला तर

नकाराच्या छापील फॉर्मवर कारणापुढे खूण असते आणि दाद कुठे, किती दिवसांत मागायची तेही लिहिलेलं असतं. "हेतू आणि मुक्कामाच्या अटी पटल्या नाहीत" अशी खूण असेल तर बहुधा दिवसांचा तक्ता, बुकिंग आणि रजा जुळत नाहीत. "परत जाण्याबद्दल शंका" असेल तर नोकरी, घर आणि कुटुंबाचे पुरावे कमी पडले. "साधनं पुरेशी दाखवली नाहीत" असेल तर पैशांचा माग. त्याच फाइलवर नवी तारीख टाकून आठवड्याभरात पुन्हा अर्ज केला तर ९० युरो आणखी जातात. त्या देशाने नाही म्हटलं म्हणून दुसऱ्या देशाकडे जाणंही फारसं कामाचं नाही, कारण अर्जाची आणि नकाराची नोंद सामाईक प्रणालीत पाच वर्षं राहते आणि सगळ्याच वकिलातींना दिसते. नव्या पत्रात आधीच्या नकाराचा उल्लेख स्वतःहून करा, कोणत्या मुद्द्यावर अर्ज अडला होता ते सांगा, आणि या वेळी त्यासाठी कोणता नवा कागद जोडला आहे ते पान क्रमांकासह लिहा.