शोधनिबंधाचा संदर्भ कोडमध्ये कसा द्यावा

निबंधातलं सूत्र ज्या फंक्शनमध्ये उतरवलंय, त्याच्याच डॉकस्ट्रिंगमध्ये (फंक्शनच्या सुरुवातीला त्याची माहिती देणाऱ्या मजकुरात) संदर्भ लिहा. फक्त रीडमीमध्ये (प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलमध्ये) टाकला, तर फाइल दुसऱ्या प्रकल्पात गेली की तो मागेच राहतो. लेखक, वर्ष, पूर्ण डीओआय (निबंधाची कायमस्वरूपी ओळखखूण) आणि समीकरणाचा क्रमांक हवाच; साधी लिंक कधीतरी मरते. प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या परीक्षणाआधीच खुला केलेला निबंध) असेल तर आवृत्तीही नोंदवा, कारण नव्या आवृत्तीत समीकरणांचे क्रमांक सरकू शकतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो निबंध आणि कोड यांतला फरक न नोंदवल्यामुळे. समजा, व्हेरियन्स (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत याचं माप) काढताना निबंधात भागाकार ‘एन’ने, म्हणजे आकड्यांच्या संख्येने, आहे आणि तुम्ही ‘एन वजा १’ने केलाय. त्याच ओळीवर कारणासकट कॉमेंट टाका. नाहीतर पुढचा माणूस ती ‘चूक’ सुधारून मोकळा होतो.

सायटेशन डॉट सीएफएफ ही फाइल मुख्यतः तुमच्या सॉफ्टवेअरचा संदर्भ इतरांना देता यावा म्हणून असते. वापरलेले निबंध तिच्या ‘रेफरन्सेस’ भागात जातात.