कुटुंबाच्या फोर-बाय-फोर गाडीसाठी मॅन्युअल की ऑटोमॅटिक?

इंदूरमध्ये कुटुंबासाठी फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देऊ शकणारी गाडी घेताना ती रोज कोण चालवणार, याचा विचार आधी करावा. राजवाड्याच्या गर्दीतून घरातील दोघे-तिघे आलटून पालटून गाडी नेणार असतील, तर टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलाच्या माध्यमातून इंजिनाची ताकद गिअरपर्यंत पोहोचवणारा भाग) असलेली ऑटोमॅटिकच मी सुचवेन. पावसाळ्यात माळव्याच्या काळ्या मातीत चाके रुतली, तरी नवख्या हातांकडून क्लच जळण्याची भीती राहत नाही आणि चाकांना सावकाश, सलग ताकद मिळत राहते.

मॅन्युअलचा खरा लाभ उतारावर दिसतो. इंदूरजवळच्या चोरलकडच्या कच्च्या, खडकाळ उतारावर लो-रेंज (वेग कमी, पण ओढ जास्त देणारी गिअरची जोडी) आणि पहिला गिअर टाकला, की इंजिनच गाडीला रोखून धरते आणि ब्रेक फारसे तापत नाहीत. ऑटोमॅटिकमध्येही लो-रेंजसोबत खालचा गिअर धरून ठेवता येतो, पण ती पकड सहसा थोडी सैल वाटते, म्हणून हिल डिसेंट कंट्रोल (उतारावर आपोआप ब्रेक लावून वेग कमी ठेवणारी सोय) आहे का, हे पाहूनच पैसे भरावेत. गिअरची संख्याही तपासावी: मारुती सुझुकीच्या जिम्नी या फोर-बाय-फोर गाडीच्या मॅन्युअलला ५, तर ऑटोमॅटिकला ४ गिअर आहेत. बॅटरी उतरल्यास ऑटोमॅटिक गाडी धक्का देऊन सुरू होत नाही, त्यामुळे जंपर केबल (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून वीज घेण्याची तार) सोबत ठेवावी.