वॉर्डात खेळा ‘चुका शोधा’
रुग्णसुरक्षेवर तासभर स्लाइड दाखवण्यापेक्षा वॉर्डातली एक रिकामी खाट घ्या. १७ सप्टेंबरचा जागतिक रुग्णसुरक्षा दिन हे चांगलं निमित्त आहे. खाटेवर डमी झोपवा आणि आठ-दहा चुका पेरा: मनगटाच्या पट्टीवर एक नाव, केसपेपरवर दुसरं, कठडा खाली, लघवीची पिशवी जमिनीला टेकलेली, वापरलेली सुई पांढऱ्या डब्याऐवजी पिवळ्या पिशवीत, मुदत संपलेली सलाइनची बाटली. एक चूक मात्र अवघड हवी. केसपेपरवर ‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी’ आणि ट्रेमध्ये अ‍ॅमॉक्सिसिलिन, म्हणजे पेनिसिलिनच्याच गटातलं औषध. कागद आणि ट्रे ताडून पाहिल्याशिवाय ती सापडत नाही.

तिघांची टोळी करा: सिस्टर, निवासी डॉक्टर, मावशी. वेळ दहा मिनिटं. मावशींना वगळू नका; खाटेखालचं बऱ्याचदा त्यांनाच आधी दिसतं. गुण टोळीला द्या. कोणा एकाला काय दिसलं नाही हे चारचौघांत काढलंत, तर पुढच्या वेळी कोणी तोंड उघडणार नाही. मग निवांत बसून विचारा, ‘आपल्याकडे यातलं काय होतं? कुठल्या पाळीत?’

शेवटी पेरलेली प्रत्येक वस्तू यादी बघून उचला. ती मुदत संपलेली बाटली चुकून स्टॉकमध्ये गेली तर पंचाईत!