एका मैदानावर आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धा कशी बसवावी

इंदूरच्या देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या पुरुषांच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचं यजमानपद लहान कॉलेजाकडे आलं की सगळे आधी बॅनर आणि ट्रॉफीच्या मागे लागतात. ते नंतर बघा. आधी कागद घेऊन दिवसाला किती सामने होतील ते मोजा. खेळ ४० मिनिटांचा, मध्यंतर १५ मिनिटांचं, पण फाउल, टाइमआउट, फ्री थ्रो धरले की दीड तास सहज जातो. पुढच्या संघांचा वॉर्म-अप धरून दर सामन्याला पावणेदोन तास द्या. सव्वा तासाचं वेळापत्रक छापलं, तर तिसऱ्या सामन्यापासून संघ ताटकळतात आणि शेवटचा सामना रात्री रंगतो.

समजा ११ संघ आलेत. १६ चा ड्रॉ (कोण कोणाशी खेळणार याचा तक्ता), म्हणजे ५ बाय: पाच संघ पहिली फेरी न खेळताच पुढे. पहिल्या फेरीत फक्त ३ सामने. शेवटच्या चार संघांपर्यंत बाद पद्धतीने ७ सामने, मग त्या चौघांची साखळी (प्रत्येक जण प्रत्येकाशी) ठेवली तर आणखी ६. एकूण १३, म्हणजे एका मैदानावर तीन दिवस. ड्रॉ काढताना सगळे व्यवस्थापक समोर हवेत. गेल्या वर्षीचे विजेते आणि उपविजेते वेगवेगळ्या अर्ध्यांत टाका. कॉलेजाचं ओळखपत्र, दहावीची गुणपत्रिका आणि प्राचार्यांच्या सहीची यादी ड्रॉच्या आधीच तपासून घ्या. हरलेला संघ पात्रतेची हरकत सामना संपल्यावरच काढतो.

रेसकोर्स रोडचं बास्केटबॉल कॉम्प्लेक्स मिळालं तर आखणीची चिंता नाही. कॉलेजच्या सिमेंट कोर्टवर मात्र टेप घेऊन बसावं लागेल. मैदान २८ बाय १५ मीटर, मापं रेषांच्या आतल्या कडेपासून. कोपरे काटकोनात आहेत का, हे पाहायला कर्ण मोजा: दोन्ही ३१.७६ मीटर भरले पाहिजेत. रेषा ५ सेंटिमीटर रुंद आणि रंगाच्याच. चुन्याची फक्की टाकली तर बूट घसरतात. फ्री थ्रोची रेषा शेवटच्या रेषेच्या आतल्या कडेपासून ५.८० मीटरवर. तीन गुणांच्या कमानीचं केंद्र रिंगच्या मध्याखाली, म्हणजे शेवटच्या रेषेपासून १.५७५ मीटर आत, तिथून ६.७५ मीटर. पुष्कळ जण दोरीचा खिळा चुकून रेषेवरच ठोकतात आणि कमान दीड मीटरने मागे सरकते.

रिंगची वरची कड जमिनीपासून ३.०५ मीटर. मागे बोर्डाजवळ आणि पुढच्या टोकाला, दोन्हीकडे मोजा. पोरं लटकून लटकून रिंग पुढून झुकलेली असते, मग शॉट विचित्र उडतात आणि दोष चेंडूवर येतो. चेंडू ७ नंबरचा. हवेचा दाब त्याच्यावर छापलेला असतो तेवढाच.

डिसेंबरात इंदुरात सामने ठेवलेत तर सूर्य मावळल्यावर सिमेंटवर दव धरतं. दिसत नाही, पण बास्केटकडे मारलेल्या पहिल्या मुसंडीलाच खेळाडू आपटतो. दोन कोरडे पोछे आणि दोन मुलं दोन्ही बोर्डांखाली बसवून ठेवा. आणि सकाळच्या सामन्याआधी पोहे-जिलेबी नको. इंदुरात हे सांगणं म्हणजे पाप आहे, पण सामना संपल्यावर खा म्हणावं.

खरी भांडणं टेबलावर होतात. स्कोरर, सहायक स्कोरर, टायमर आणि शॉट क्लॉकवाला (शॉट टाकायच्या २४ सेकंदांचं घड्याळ सांभाळणारा), चौघे हवेत, आणि तीनही दिवस तेच हवेत. स्कोअरशीटवर पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल पेनने, दुसरा आणि चौथा गडद निळ्याने. शॉट क्लॉकवाल्याची हमखास चूक म्हणजे रिंगला लागून चेंडू पुन्हा आक्रमणाच्याच संघाकडे आला तरी २४ लावणं. तिथे १४ सेकंद लागतात. क्वार्टरमधला चौथा टीम फाउल झाला की टेबलावर लाल खूण ठेवा, नाहीतर पाचव्याला फ्री थ्रो द्यायचे राहून जातात. ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांत पाच खेळाडू उभे राहिले नाहीत तर सामना २०-० ने गेला. कोणाचाही फोन आला तरी मुदत वाढवू नका.

साखळीत जिंकल्यास २, हरल्यास १, न आल्यास ०. तिघांचे गुण सारखे झाले की फक्त त्या तिघांमधले सामने धरायचे. अ ने ब ला ६२-५५ हरवलं, ब ने क ला ७०-५८, क ने अ ला ६०-५०: केलेल्या आणि खाल्लेल्या गुणांचा फरक अ उणे ३, ब अधिक ५, क उणे २. ब पहिला, क दुसरा, अ तिसरा. चौथ्या संघाला कोणी किती मोठ्या फरकाने हरवलं हे इथे बघत नाहीत. हा नियम ड्रॉच्या दिवशीच भिंतीवर लावा.

सामना संपल्यावर सह्यांचा क्रम चुकवू नका. आधी टेबलवाले, मग दुसरे पंच, शेवटी मुख्य पंच. त्यांची सही झाली की शीट बंद, म्हणून ज्या कर्णधाराला हरकत घ्यायची आहे त्याची सही त्याआधी घ्या.