हेडलाइट मंद? बॅटरी बदलण्याआधी अर्थिंग बघा

आंबा घाटात इंडिकेटर दिला की माझ्या १६ वर्षांच्या गाडीचे हेडलाइटही त्याच तालात मंदावायचे. गॅरेजवाल्याने बघता बघता नवी बॅटरी सुचवली. मी आधी मल्टिमीटर काढला.

गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी बॅटरीवर व्होल्टेज मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली. १२ च्या खाली असेल तर चार्ज करून पुन्हा बघा. मग इंजिन, हेडलाइट आणि पंखा चालू ठेवून मोजा, साधारण १३.८ ते १४.४ हवं. १२.५ वरच अडकलं तर दोष अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) किंवा त्याच्या पट्ट्याचा. पट्टा दाबून बघायचा तो इंजिन बंद करूनच. आणि चालू गाडीत बॅटरीची वायर काढून बघायचा जुना उद्योग करू नका, व्होल्टेज उसळून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जाऊ शकतो.

माझे आकडे ठीक होते. म्हणजे संशय अर्थवर, म्हणजे दिव्यांचा करंट गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जातो त्या जोडणीवर. दिवे लावून मीटरची एक पिन हेडलाइटच्या अर्थ वायरीला लावली, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. ०.२ व्होल्टच्या आत हवं, आलं १.१! वायर जिथे बॉडीला बसते तो बोल्ट खोलला, तर खाली गंजाचा तपकिरी भुगा. (बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडली होती, तुम्हीही सोडा.) पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईतो घासला, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन फासलं. पुन्हा मोजलं: ०.०८. पॉलिश पेपर घरचाच होता.