मुलांसाठी सरकारकडे मागणी करताय? या चुका टाळा

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर आमच्या तालुक्यात नवरा गेलेल्या बायकांच्या याद्या करायला आम्ही बसलो तेव्हा तळमळ खूप होती, पण सरकारी कागद कुठून कुठे जातो हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्यामुळे सहा महिन्यांत होणाऱ्या कामाला दीड वर्ष लागलं. तेवढे दिवस त्या घरांत एक रुपया आला नाही. हे मला अजून सलतं, म्हणून लिहितेय. जी मंडळी आता नव्याने या कामात पडतायत त्यांचा तरी वेळ वाचावा.

पहिली चूक म्हणजे सगळं एकाच निवेदनात कोंबायचं. आमच्या पहिल्या निवेदनात बालसंगोपन योजनेचे, म्हणजे आई किंवा बाप गेलेल्या मुलांसाठी दरमहा मिळणारे पैसे होते, संजय गांधी निराधार योजनेची पेन्शन होती, अंगणवाडीचा आहार होता, शाळेची फी होती, आणि वर थेट मुख्यमंत्र्यांचं नाव. तीन महिन्यांनी तो कागद "योग्य त्या कार्यवाहीसाठी" असा शेरा घेऊन जिल्ह्यात आला, तिथून तालुक्यात, आणि तिथला माणूस म्हणाला ताई यातलं माझ्याकडे काहीच नाही. आणि तो खरं बोलत होता! बालसंगोपन योजना महिला व बालविकास खात्याची, आयुक्तालय पुण्यात. अंगणवाडी पण त्याच खात्यात, पण एकात्मिक बालविकासचं आयुक्तालय वेगळं, ते नवी मुंबईत. संजय गांधी निराधार सामाजिक न्यायची, पण अर्ज तहसीलला. शाळेतली खिचडी शालेय शिक्षणकडे, आश्रमशाळा आदिवासी विकासकडे, आणि अंगणवाडीत पोरं तपासायला येणारं पथक आरोग्याचं. आपल्याला घर एकच दिसतं, सरकारला त्या घरात पाच खाती दिसतात. तर एका कागदावर एकच मागणी, एकच खातं, आणि पोच घेतल्याशिवाय, म्हणजे आवक नंबर आणि शिक्का असलेली कॉपी हातात आल्याशिवाय, ऑफिसमधून उठायचं नाही.

दुसरी चूक, आकडा न घालता मागणं. "अनुदान वाढवा" असं लिहिलं की वाचणारा मान हलवतो आणि फाईल बाजूला ठेवतो. बालसंगोपनाचे महिन्याला 425 रुपये मिळायचे, मग 1100 झाले आणि 2023 मध्ये 2250. ही वाढ आपोआप झाली नाही, एकल महिलांसाठी काम करणाऱ्या लोकांनी महाराष्ट्रभर गावोगावच्या याद्या, पत्रं, आमदारांच्या भेटी असं सतत लावून धरलं होतं. तुम्ही पण हिशोब मांडूनच जा. एका मुलाचे 2250 म्हणजे वर्षाचे 27 हजार, तालुक्यात 300 मुलं पात्र असतील तर 81 लाख. खात्याने काही नवीन द्यायचं म्हटलं की वित्त विभागाचा पहिला प्रश्न आर्थिक भार किती हाच असतो, त्याचं उत्तर तुमच्या कागदात आधीच असलं तर खालच्या टेबलावरच्या माणसाचं काम सोपं होतं आणि तो तुमचा कागद पुढे ढकलतो.

आता वेळ. ही चूक मी चांगल्या चांगल्या संस्थांना करताना बघितलीय. मार्चमध्ये बजेट मांडायच्या आठवड्यात मोर्चा काढतात, तेव्हा सगळं छापून झालेलं असतं. खात्यांचे अंदाज त्याच्या कितीतरी महिने आधी, दिवाळीच्या आगेमागे तयार व्हायला लागतात, तुमची मागणी तेव्हा टेबलावर पाहिजे. हुकलंच तर पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटनंतर खात्यांनी मागितलेला जादा पैसा, असतात, पावसाळी अधिवेशनात मुंबईला आणि हिवाळीत नागपूरला, तेव्हा परत धरता येतं. आमदारांकडे पण अधिवेशन सुरू झाल्यावर जाऊ नका, तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात ते, बरेच आधी द्यावे लागतात. लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी, ऐन वेळी लावता येते पण ती लागेलच असं नाही. आणि नुसती व्यथा सांगून येऊ नका, प्रश्नाचा मसुदा चार ओळींत टाईप करून पीएच्या हातात द्या, कुठल्याही पक्षाचा आमदार असू दे, तयार मसुदा घेतात.

जीआर, म्हणजे शासन निर्णय, निघाला की पेढे वाटून घरी जाणं ही पण मोठी चूक. शाळेत आठवड्याला एक अंडं द्यायचा निर्णय नोव्हेंबर 2023 मध्ये झाला, आम्हाला केवढा आनंद झालेला, आणि जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा सरकारी पैसा बंद झाला, द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या म्हणून. जीआरच्या खाली खर्च कुठल्या लेखाशीर्षातून, म्हणजे बजेटमधल्या कुठल्या खर्चाच्या खात्यातून, हे लिहिलेलं असतं ते बघा, मग पुढच्या वर्षी बजेटच्या पुस्तकात त्या लेखाशीर्षापुढे किती रक्कम आहे ते बघा, शून्य किंवा अर्धी असेल तर ओरडायची वेळ तीच. उलट्या दिशेचे निर्णय पण वाचत राहा. 9 फेब्रुवारी 2024 ला आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, नियमात बदल करून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला गरीब आणि वंचित मुलांसाठी ठेवायच्या 25 टक्के जागांतून सूट दिली होती. ज्यांनी ती अधिसूचना वेळेत वाचली ते कोर्टात गेले, मे महिन्यात स्थगिती आली आणि जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. कुणी वाचलीच नसती तर?

पैसे थकलेत अशी तक्रार आली की लगेच उपोषणाची तारीख जाहीर करू नका, आधी अडकलंय कुठे ते शोधा. बालसंगोपनाचे अर्ज मंजूर करणाऱ्या जिल्ह्याच्या बालकल्याण समितीची मंजुरीच झाली नाही? घरी येऊन करायची गृहचौकशी राहिलीय? मंजुरी आहे पण बँक खातं आधारला लिंक नाही? की जिल्ह्याला निधीच आला नाही? चारही गोष्टींना उपाय वेगळा, ऑफिस वेगळं. तोंडी उत्तर मिळत नसेल तर 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज, त्यात तीनच आकडे मागा, मंजूर मुलं किती, निधी आला किती, वाटला किती. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

आणि कृपा करून मुलांना मोर्चात पुढे उभं करू नका, बाप गेलेल्या पोरांचे फोटो नाव-गावासकट ग्रुपवर टाकू नका. बालकल्याण समितीपुढे आलेल्या मुलाची ओळख उघड करणं बालन्याय कायद्याच्या कलम 74 खाली गुन्हा आहे, पण कायदा सोडा, त्या पोराला उद्या त्याच वर्गात बसायचं असतं.

सगळी धाव मुंबईकडे नको. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च व्हायला पाहिजे, ग्रामसभेत उठून हिशोब मागितला तर बहुतेक ठिकाणी शांतता पसरते.

शेवटची चूक आमची सगळ्यात मोठी. दीड वर्ष आम्ही रक्कम वाढवा एवढंच मागत होतो, आयांना नीट विचारलंच नव्हतं. मग एका बैठकीत एक बाई म्हणाली, "ताई, पैशाचं राहू द्या, अर्जाला लागणाऱ्या त्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी माझ्या चार दिवसांच्या मजुऱ्या बुडाल्या, आणि अजून दाखला नाही." 2021 मध्ये मिशन वात्सल्यची, म्हणजे कोरोनात नवरा गेलेल्या बायकांना सरकारी योजना मिळवून द्यायच्या मोहिमेची, तालुका समिती झालेली, अध्यक्ष तहसीलदार, म्हणजे दाखला देणारं ऑफिस त्यांचंच! आम्ही एक पानाचं पत्र दिलं, गावात कॅम्प लावा. ना बजेट लागलं ना जीआर. पुढच्या आठवड्यात तलाठी आणि ऑपरेटर शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसले आणि संध्याकाळपर्यंत एकोणीस दाखल्यांचे अर्ज भरून झाले.